दणका वाढला, खर्ज गेला

लग्नसराई सुरू झाली की आमच्या बीड जिल्ह्यात वरात आधी खिडकीच्या तावदानांना कळते आणि मग माणसांना. वरात दोन गल्ल्या पलीकडे असते. गाणे कोणते ते उमगत नाही, शब्द तर नाहीतच. पण मांडणीवरची भांडी थरथरू लागतात आणि जेवणाऱ्याच्या छातीत काहीतरी हलते. भिंती ओलांडून येतो तो केवळ खालचा आवाज. त्याचे कारण सरळ आहे. वरच्या स्वराची लाट आखूड असते, ती भिंतीवर आपटून परत फिरते. खालच्या स्वराची लाट लांबलचक. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, आणि त्या स्वराची एक लाट हवेत आठ मीटरहून अधिक लांब पसरते. आठ मीटरच्या पाहुण्याला दार लावून थोपवता येत नाही.

या आवाजाविरुद्ध दरवर्षी पत्रे छापून येतात, शांतता समितीच्या बैठका होतात. त्या व्हायलाच हव्यात. माझे दुखणे मात्र थोडे निराळे आहे. आमच्या भागात खालचा आवाज आज जेवढा आहे तेवढा पूर्वी कधीही नव्हता आणि तो हाताने वाजवणारा माणूस आज जेवढा दुर्मिळ आहे तेवढाही तो पूर्वी कधी नव्हता. बेस राहिला, बेसवाला गेला. आणि त्याच्या पाठोपाठ बाकीचेही गेले.

हे मी ऐकीव बोलत नाही. १९८३ ते १९९१ अशी आठ वर्षे मी बँकेची नोकरी सांभाळून अंबाजोगाई-परळी भागातल्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवली. तेव्हा मेलडी मेकर्ससारख्या वाद्यवृंदांचा महाराष्ट्रभर बोलबाला होता आणि तालुक्याच्या गावीही दहा-बारा जणांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढणे ही फॅशन होती. गायक होण्यासाठी रांग, गिटारसाठी भांडण, ड्रमसाठी वशिला; बेस मात्र उरेल त्याच्या गळ्यात. जगभर हेच चालते, हे पुढे वाचनात आले तेव्हा बरे वाटले. बीटल्समध्ये १९६१ साली बेसवाला सोडून गेला तेव्हा ती जागा कुणालाच नको होती, म्हणून ती पॉल मॅकार्टनीच्या वाट्याला आली. बँकेच्या नियमात बाहेरची कमाई बसत नसे, त्यामुळे माझी बिदागी ड्रमवाल्याच्या खिशात जाई. मी ऑर्केस्ट्रात टिकून राहण्याचे तेही एक कारण असावे.

ज्या वाद्याबद्दल बोलतो आहे त्याचा जनक हिशेबनीस होता, याचे मला बँकवाला म्हणून आजही कौतुक वाटते. अमेरिकेतल्या लिओ फेंडरने हिशेबाचे शिक्षण घेतले, कारकुनी केली, १९३८ मध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्या काळी बँडमधला खर्जवाला माणसाएवढे उंच, सारंगीच्या कुळातले वाद्य घेऊन हिंडत असे. ते मोटारीत मावत नसे आणि ढोल-ट्रम्पेटपुढे ऐकूही येत नसे. फेंडरने १९५१ मध्ये त्याला गिटारसारखे गळ्यात अडकवता येईल असे रूप दिले, पट्टीवर पडदे बसवले, म्हणजे स्वर नेमका लागावा, आणि बाकी काम विजेवर सोपवले. चार तारा, पट्टी लांब, वजन खांदा उतरवणारे.

चार तारांवरून आमच्याकडे फार विनोद झाले. एका जत्रेत पंचकमिटीच्या म्हाताऱ्याने कार्यक्रमाआधी आमची वाद्ये मोजून घेतली. माझ्यापाशी थांबून म्हणाला, "सायेब, त्या दुसऱ्या पोराच्या गिटारीला सहा तारा हायेत. तुमच्या दोन कुठं गेल्या?" आणि मग सुपारीतून त्या दोन तारांचे पैसे कापून घ्यावेत असा ठराव त्याने मांडला. मी व्यवहारी माणूस. त्याला म्हटले, "आजोबा, माझी एकेक तार त्याच्या चार तारांएवढी जाड आहे, वजन करून बघा." ठराव बारगळला.

पण त्या आजोबांची शंका एका अर्थी रास्त होती. कारण मी वाजवत होतो ते त्यांना ऐकूच येत नव्हते. गावातल्या मंडपवाल्याकडे आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि झाडाला बांधलेले दोन कर्णे असत. कर्णा हा भाषणासाठी आणि सनईसाठी उत्तम; दोन कोसांवर आवाज नेईल. पण बेसचे स्वर जिथे असतात तिथे तो मुकाच असतो. त्याला एवढा खालचा आवाज बाहेर टाकताच येत नाही. त्यासाठी मोठा पडदा, मोठी पेटी आणि बाकीच्या वाद्यांच्या कित्येक पट वीज लागते, कारण माणसाचा कानही खालच्या स्वरांना मुळात मंद आहे. आमच्याकडे बारा इंची स्पीकर घालून सुताराकडून करून घेतलेली एक पेटी होती. ती पहिल्या पाच रांगांपर्यंत पोचे. त्यापलीकडच्या श्रोत्यांच्या वाट्याला माझ्या बोटांची टकटक येई.

विजेचे तर काय सांगावे! परळीला औष्णिक वीजकेंद्र, आणि त्याच जिल्ह्यात कार्यक्रमाला जनरेटर सोबत न्यायचा. अर्थिंग नीट नसले की गायिकेच्या ओठांना माईकचा झटका बसे आणि माझ्या पेटीतून अखंड घुं-घुं चाले. आपल्या विजेची गुणगुण सेकंदाला ५० कंपनांची. माझ्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा स्वर ४९ चा. म्हणजे तो स्वर लागला की वाद्य आणि वीजमंडळ यांचे किंचित बेसूर द्वंद्वगीत सुरू होई. मी ते गाणे वरच्या पट्टीत घ्यायला लावी. गायक कुरकुरत, पण कारण त्यांना सांगून पटले नसते. तार तुटली तर सिकंदराबादला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला गाठायचे आणि परळीहून गाडी जाऊन परत येईपर्यंत तीन तारांवर भागवायचे.

एवढ्या खटाटोपात बेस ऐकू येत नसेल तर तो हवा कशाला, हे कुणीही विचारील. त्याचे उत्तर आम्हाला एका रात्री मिळाले. ऐन कार्यक्रमात माझी पेटी बंद पडली. कुणाच्याही लक्षात आले नाही. श्रोत्यांनी मागे वळून पाहिले नाही, फर्माईशीच्या चिठ्ठ्या येत राहिल्या. पण तिसऱ्या गाण्याला पुढे नाचणारी पोरे एकेक करून खाली बसली. ड्रमवाला घाई करू लागला, गायक त्याच्या मागे धावू लागला. बेस हा ताल आणि सूर यांच्यामधला सांधा आहे. पायाने कधी पडायचे ते ड्रम सांगतो. कुठे पडायचे ते बेस सांगतो. तो असताना दिसत नाही.

न दिसण्याची शिक्षा मोठमोठ्यांनी भोगली आहे. अमेरिकेत मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत बेस जेम्स जेमर्सनचा आहे. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचे नाव पहिल्यांदा छापले गेले ते १९७१ मध्ये. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत अशा शंभरांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल?

आमच्या मातीला खर्ज नवा आहे असे मात्र कुणी समजू नये. अंबाजोगाईच्या परिसरात शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज ज्यांनी ऐकला, आणि आता त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांचा ऐकतात, त्यांना मी काय सांगणार? पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्यापूर्वी ओली कणीक लावतात. कमी लावली तर आवाज पोकळ, जास्त झाली तर मुका. वारकऱ्यांच्या मृदंगाचेही तेच. घरोघरच्या परातीतली कणीक लावून खर्ज जुळवणारी माणसे आपण. म्हणजे खालच्या आवाजाला माप असते, हे आपल्या कानांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. वरातीच्या ब्रास बँडमध्येही ट्रम्पेटवाला पुढे मिरवायचा आणि मागून एक दमदार छातीचा माणूस युफोनियम फुंकत चालायचा. बँडचा पाया तोच असे. गॅसबत्ती मात्र पुढच्यावर.

अशा बँडवाल्यांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावर येत. ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत म्हैस, शेळ्या, शिवणयंत्र यांच्याबरोबर क्वचित बँडचे साहित्यही असे. तपासणीला गेलो की म्हैस कधीकधी शेजाऱ्याची निघायची. युफोनियम मात्र जागेवर असायचे, कारण ते दुसऱ्या कुणाच्या कामाचे नव्हते. वसुली सांगायची तर लग्नसराईत ही मंडळी हप्ता आणून देत आणि पावसाळ्यात तोंड चुकवत. आमचे हप्ते दरमहाचे होते आणि त्यांची कमाई तिथी-मुहूर्ताची. हा मेळ कोणत्याही योजनेने कधी घातला नाही.

मग ही माणसे गेली कुठे? प्रथम कॅसिओ आला. त्यात डाव्या हाताने बेस वाजवता येई, आणि काही काळाने हातही लागेनासा झाला. एक कळ दाबली की ताल आणि बेस आपोआप. ऑर्केस्ट्राचा मालक हिशेबाला बसला की पहिली काट बेसवाल्यावर. मागून ऑक्टोपॅड आला, तेव्हा ढोलकी-ड्रमवाल्यांपैकी एकाला घरी बसावे लागले. बेंजो पार्टीने बराच काळ तग धरला. भीमजयंतीच्या गाण्यांच्या कार्यक्रमांनी तर मराठवाड्यात प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांना सर्वांत जास्त जगवले असे माझे मत आहे. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकासाठी पहाटेपर्यंत मैदान न सोडणारा श्रोता तिथे होता. आणि अखेरीस टेम्पोवर चढून ती भिंत आली. अठरा-अठरा इंची स्पीकरांच्या पेट्या एकावर एक. तिला आपल्याकडे 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये काढलेल्या कंपनीचे पहिले काम टेपवरची खरखर कमी करण्याचे होते. गोंगाट घटवणाऱ्या माणसाचे नाव आपण गोंगाटाला दिले!

आमच्या ऑर्केस्ट्रात गाडीवाल्यासह चौदा माणसे होती. म्हणजे एका कार्यक्रमाचे पैसे चौदा घरांत जात. भिंतीबरोबर तीन-चार जण येतात आणि पैशांचा मोठा वाटा पेट्यांच्या आणि टेम्पोच्या हप्त्यांत जातो. मी त्या पोरांना दोष देत नाही. तीही कर्ज काढूनच उभी राहिलेली आहेत. पण जिल्ह्यातली कित्येक माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात म्हणून आपण हळहळतो, तेव्हा गावातल्या गावात चौदा घरांना मिळणारा रोजगार कसा गेला याचाही हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

कायद्याचे म्हणाल तर तो आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सणासमारंभासाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. मात्र या नियमाची गंमत अशी की तो मोडणाऱ्या भिंतीइतकाच तो पाळणाऱ्या गायकालाही नडतो. आमच्या खेड्यांतले कार्यक्रम जेवणे उरकून रात्री दहाला सुरू व्हायचे. ते आता सातला सुरू करावे लागतील. हे अवघड आहे, अशक्य नाही. नाटकवाल्यांनी वेळा बदलल्या, कीर्तनकारांनीही बदलल्या. मंडळांनी वर्गणीतला काही भाग प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांसाठी राखून ठेवावा आणि नगरपालिकांनी आपल्या महोत्सवांत मुंबईच्या एका पाहुण्याऐवजी जिल्ह्यातली दोन पथके बोलवावीत. 'डीजे नको' एवढे म्हणून थांबलो तर मंडप रिकामा राहतो, आणि रिकाम्या मंडपात पुढच्या वर्षी पुन्हा भिंतच येते.

मागच्या कोजागरीला आमच्या वसाहतीच्या कार्यक्रमाचा मी खजिनदार होतो. कीबोर्ड, ढोलकी, दोन गायक असे ठरले. बेसवाल्याचा खर्च मी मांडला तेव्हा चिटणीस म्हणाले, "कीबोर्डवर होतो की हो बेस, वेगळा माणूस कशाला?" मी म्हटले, "मसाला दूधही पावडरीचे होते, मग गवळ्याला कशाला सांगितलेत?" खर्च मंजूर झाला. लातूरहून एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आला. त्याची गिटार पाच तारांची होती. आजोबा असते तर एक तार वाढल्याचे पाहून खूश झाले असते. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर एका हातात उचलता येईल एवढा, आणि अर्थिंग तपासायला त्याने स्वतःचा टेस्टर आणला होता. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होता आणि पहिल्या खुर्चीवरच्या आजी त्याच्याकडे पाठ न करता दूध पीत होत्या. दहाला पाच मिनिटे असताना शेवटचे गाणे झाले. पाकीट घेताना त्याने विचारले, "काका, या भागात अजून कुणी बेस वाजवतं का? महिन्यात दोन कार्यक्रम मिळाले तरी मी शनिवारी-रविवारी येईन." मी त्याचा नंबर लिहून घेतला आहे. लग्नाच्या याद्या करणाऱ्यांनी तो माझ्याकडून जरूर मागून न्यावा.