कातकरी बोली म्हणजे 'बिघडलेली मराठी' नव्हे!

महाड-पोलादपूर भागात कातकरी वाड्या आहेत. तिथली मुलं शाळेत तोंड उघडतात आणि आपण 'अशुद्ध बोलतात' म्हणून मोकळे होतो. माझं स्पष्ट मत आहे, की हे माणुसकीला धरून नाहीच, पण शास्त्रालाही धरून नाही.

कसं ते बघायला जरा लांब, पॅसिफिक महासागरात जाऊ या. सामोआ बेटांवर 'दोन'ला लुआ आणि 'पाच'ला लिमा म्हणतात. न्यूझीलंडच्या माओरीत तेच रुआ आणि रिमा. वाटेल, की या दोघींच्या मूळ भाषेत र-ल मिळून एकच ध्वनी असणार. पण फिजीच्या भाषेत 'दोन' रुआ आणि 'पाच' लिमा! म्हणजे मुळात दोन्ही ध्वनी होते. सामोआत र चा ल झाला, माओरीत ल चा र. त्या मूळ भाषेचा एकही लेख सापडलेला नाही. भाषाशास्त्रज्ञांनी ती आजच्या बोलींवरून उभी केली. आपल्या भाषेत सांगायचं तर रिव्हर्स इंजिनिअरिंग! त्यातली एक बोली पुसली, की एक साक्षीदार गेला.

मराठीचं नशीब थोर. महाडजवळ गांधारपाले लेण्यांत कुमार काणभोअ व्हेणुपालिताचा प्राकृत लेख आहे. संस्कृत 'भोज'मधला ज गळून 'भोअ' झालेला तिथे दगडावर दिसतो. कातकरी बोलीही मराठी-कोकणीच्याच घरातली, पण तिच्यासाठी कुणी दगड कोरला नाही. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) तिचे थोडे नमुने आहेत. बाकी सगळं बोलणाऱ्यांच्या तोंडात!

मी कॉन्व्हेंटची. वर्गात मराठी बोलले म्हणून दंड भरलाय. आईच्या भाषेची लाज वाटायला लागली, की पोर आधी गप्प बसतं, हे मला कुणी सांगायला नको. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण स्टेटस ठेवले. मग घरातल्या धाकट्या बहिणीला हसायचं कशाला?

एन.एस.एस.चं शिबिर वाडीवर गेलं, की आपण स्वच्छतेवर भाषण ठोकतो. सर, मॅडम, यंदा एक दिवस नुसतं ऐकायला ठेवू या. तिथल्या आजी-आजोबांची परवानगी घेऊन आकडे, नात्याचे शब्द, झाडांची नावं मोबाईलवर रेकॉर्ड करू. एक प्रत वाडीतल्या शाळेला देऊ. आपली बोली शिकायला इंजिनिअर होणारी मुलं आली, हे त्या पोरांना एकदा दिसू तर दे!