भंगाराच्या भावात मिळालेला खर्ज

काशीच्या संकठा घाटाच्या पायऱ्या चढून चौकाकडे निघालं की गल्ली इतकी अरुंद होते, की समोरून गाय आली तर शेजारच्या ओट्यावर चढावं लागतं. तशीच मी एका ओट्यावर चढले आणि तो भंगाराच्या दुकानाचा निघाला. लोटे, पराती, फुटक्या समया यांच्या ढिगावर एक ट्युबा, म्हणजे बँडमधलं खर्जाचं मोठं पितळी वाद्य, पालथा पडला होता. कर्ण्याच्या काठाला चिरा, पोटाशी मूठ मावेल एवढा पोचा, तिन्ही पिस्टन जाम. दुकानदाराने तो तराजूत टाकला, साडेनऊ किलो भरला, आणि पितळेच्या भावाने माझा झाला. कुठला तरी लग्नाचा बँड बंद पडला, तिथून आलेला माल, एवढंच तो म्हणाला.

आत्याच्या घरी तो अंगणात ठेवला. आत्याचं सासर काशीतलं, चार पिढ्यांपासूनचं. तिने आधी चिंच भिजत घातली. पितळ घरात आलं की मराठी बाईचा हात चिंचेकडेच जातो. मी तिला थांबवलं. घासून लख्ख करण्याची ही वस्तू नव्हती, वाजवण्याची होती.

पुण्याला लहानपणी विसर्जन मिरवणुकीत बाबांच्या खांद्यावरून मी प्रभात बँड ऐकायची. क्लॅरोनेट आणि ट्रम्पेट गाणं म्हणायचे, पण त्यांच्या खालून एक भारदस्त सूर चालायचा, कानाआधी पोटात पोचणारा. तो ट्युबातून येतो हे मला फार उशिरा कळलं. बँडमध्ये खर्जातल्या या वाद्याकडे कुणाची नजर जात नाही. ते थांबलं की मात्र सगळा बँड पोरका वाटतो.

ट्युबाचं पेटंट 1835 चं, बर्लिनचं. प्रशियाच्या लष्करी बँडचा प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्ट आणि वाद्यं बनवणारा योहान मोरित्झ या दोघांनी ते घेतलं. उघड्या मैदानात शेकडो पावलांच्या आवाजावर टिकेल असा खर्ज त्यांना हवा होता. पलटणींबरोबर ही पितळी वाद्यं हिंदुस्थानात आली, संस्थानिकांच्या दरबारी गेली, आणि तिथून लग्नाच्या वरातीत. मेरठच्या छावणीत बँडमास्तर असलेल्या नादिर अलींनी 1885 मध्ये स्वतःची वाद्यांची कंपनी काढली. आजही देशभरच्या बँडवाल्यांची वाद्यं प्रामुख्याने मेरठच्या जली कोठी भागातूनच येतात. माझ्या ट्युबावरचा शिक्का झिजला होता, पण ‘मेरठ’ एवढं वाचता येत होतं.

पहिला आठवडा वाट पाहण्यात गेला. पिस्टनच्या फटीत रोज थोडं रॉकेल, थोडं मशीनचं तेल सोडायचं आणि हातोडीला हात लावायचा नाही. ठोकलं तर नळकांडं वाकतं आणि वाद्य कायमचं मुकं होतं. आठव्या दिवशी मधला पिस्टन अंगठ्याखाली हलला. प्रत्येकावर आकडा कोरलेला असतो आणि ज्याने त्याने आपल्याच घरात बसायचं असतं. अदलाबदल झाली की भोकं नळ्यांसमोर येत नाहीत आणि फुंकर अडते. मग कोमट साबणपाण्याने नळ्या धुतल्या. हिरवा गाळ निघतच राहिला.

पोच्यासाठी ठठेरी बाजारातल्या एका म्हाताऱ्या कसेऱ्याकडे गेले. त्यांनी आयुष्यभर भांडी घडवलेली, बाजाला कधी हात लावलेला नव्हता. मुखनळीवरचे गुलाबी डाग पाहून ते लगेच म्हणाले, “बेटी, इथलं जस्त गेलंय, नुसतं तांबं उरलंय. इथे घासशील तर भोक पडेल.” पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वर्षानुवर्षं ओल बसली की जस्त निघून जातं. तेवढ्या जागेवर त्यांनी ठिगळ झाळलं. पोटाचा बाक झाळलेला जोड सोडवून वेगळा केला, पत्रा तापवून मऊ केला, आत गुळगुळीत लोखंडी गोळा धरला आणि बाहेरून लाकडी हातोडीने हलके ठोके. थंड पत्रा ठोकत गेलं तर कडक होऊन चिरतो, म्हणून दर थोड्या वेळाने पुन्हा तापवणं. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर ठोके देत मठारकाम चालतं तेव्हा असाच ताल ऐकू येतो. डोळे मिटले असते तर मी तिथेच असते.

दोन लहान पोचे त्यांनी तसेच ठेवले. आणखी ठोकलं तर पत्रा पातळ होईल, म्हणाले. मला ते फार पटलं. दुसऱ्या एका दुकानात यंत्रावर घासून सोन्यासारखा करून देतो म्हणत होते. त्यात धातू जातो आणि शिक्काही जातो. स्प्रिंगा, नमदे आणि बूच मेरठहून मागवले. सगळा खर्च भंगाराच्या किमतीच्या तिप्पट झाला. एक पैसाही वाया गेला नाही.

बँडवाल्यांना आपण कलावंत म्हणत नाही, हे मला मनापासून खटकतं. वरातीत पुढे चालणारी ही माणसं नोटेशनशिवाय शेकडो गाणी पाठ वाजवतात. आता त्यांच्यामागे स्पीकरची गाडी आणि कीबोर्ड आला. खर्ज कीबोर्डवरून मिळतो, म्हणून मोठी पितळी वाद्यं वजनावर विकली जातात.

पूर्वी वरातीत हेच वाद्य वाजवणारे एक मास्तर आत्याच्या ओळखीचे होते. माघातल्या एका सकाळी ते घाटावर आले. खालच्या पायरीवर बसून त्यांनी ट्युबा मांडीवर घेतला, ओठ भिजवले आणि एकच लांब सूर धरला. सूर पाण्यावरून पलीकडच्या रेतीपर्यंत गेला. शिंदे घाटाच्या बाजूला नावा बांधणारे दोघे मान वळवून उभे राहिले. मास्तरांनी तो सूर श्वास संपेपर्यंत सोडला नाही. मग पिस्टन पुसले आणि म्हणाले, “दुसरा थोडा अडतोय. महिनाभर रोज वाजवला की मोकळा होईल.”

ट्युबा त्यांनाच दिला. तुमच्या माळ्यावर, शाळेच्या अडगळीत, बंद पडलेल्या एखाद्या पथकाच्या खोलीत असं पितळी वाद्य असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी गावातल्या बँडमास्तरांना एकदा दाखवा.