मांत्रिकाला गुण का येतो?

साप डूख धरतो, दूध पितो, पुंगीवर डोलतो. या समजुती पडद्यावर खोडून काढणाऱ्यांत रोम्युलस व्हिटेकर यांचे नाव अग्रभागी आहे. जन्म अमेरिकेतला, पण लहानपणीच भारतात आलेला आणि इथलाच झालेला हा निसर्गअभ्यासक. नागराजावरचा त्यांचा माहितीपट गाजला. आरोग्याच्या दृष्टीने मात्र २०११ मधला बीबीसीचा ‘वन मिलियन स्नेक बाइट्स’ अधिक मोलाचा. सर्पदंशाने इतकी माणसे का मरतात, असे तो विचारतो.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने घरोघरी चौकशी करून २००५ मधील सर्पदंशाचे मृत्यू सुमारे ४६ हजार असल्याचे दाखवले. सरकारी नोंदी याच्या जवळपासही नव्हत्या, कारण बहुतेक माणसे रुग्णालयाबाहेरच दगावली होती. वाटेत मांत्रिक असतो. त्याला गुण येतो यामागे साधा हिशेब आहे. चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. असा रुग्ण कडुलिंबाच्या पाल्यानेही बरा होतो! मण्यारीपुढे हे चालत नाही. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. फारसे दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात आणि मग श्वास अडखळतो.

समजुती काही फक्त गावातच नसतात. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांसाठी बनते. त्याला लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते; ती १९७८ मध्ये व्हिटेकर यांच्याच पुढाकाराने निघाली. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रांतागणिक बदलते. तरी एकच औषध देशभर सारखे लागू पडेल, असे डॉक्टरांनीही धरून चालले. प्रांतवार विष गोळा करा, असे व्हिटेकर सांगत आले आहेत.

त्याहून घातक सवय म्हणजे रिॲक्शनच्या भीतीने, विषबाधेची लक्षणे दिसत असतानाही, पहिला डोस न देता रुग्णाला जिल्ह्याला धाडणे. रिॲक्शनवर ॲड्रेनालिन आहे. वाटेत जीपमध्ये श्वास थांबला, तर हाताशी काय असते?

सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असे केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना कळवले. नोंदी व्हाव्यातच. त्याबरोबर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष, ॲड्रेनालिन, अंबू बॅग आणि ती वापरायचा सराव असलेला माणूस हवा, रात्रपाळीलासुद्धा.