फ्लाइंग कलर्स आणि अटकेपार झेंडा



दहावी-बारावीचे निकाल लागले की व्हॉट्सॲपवर एकच वाक्य फिरते, ‘पास्ड विथ फ्लाइंग कलर्स’. पुष्कळांना वाटते, यातले कलर्स म्हणजे रंग. पण इथे कलर्स म्हणजे निशाण, झेंडा. शिडाच्या जहाजांच्या काळात लढाई जिंकलेले जहाज निशाण फडकवत बंदरात यायचे. हरलेल्या जहाजाला निशाण उतरवावे लागायचे. किनाऱ्यावरच्या लोकांना लांबूनच निकाल कळायचा. त्यावरून घवघवीत यशासाठी हे शब्द रूढ झाले.

आपल्याकडेही यश म्हटले की झेंडाच आठवतो. १७५८ मध्ये मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्या आणि ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार मराठीला मिळाला.

पण झेंडा टिकतो किती दिवस? अटकेनंतर तीनच वर्षांत, १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. आपल्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचेच बघा. ११ मार्च १७९५ ला तिथे मराठ्यांनी निजामाला हरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात उंचावरून पडले आणि गेले. वय अवघे एकवीस. १८१८ मध्ये पेशवाईच संपली. खर्ड्याचा विजय खराच होता, पण त्यावर पुढची वर्षे निघाली नाहीत.

आजचा झेंडा म्हणजे चौकातला फ्लेक्स. पंचाण्णव टक्केवाल्याचा फोटो लागतो, पेढे वाटले जातात. त्याने कष्ट केलेत, कौतुक व्हायलाच हवे. पण ओळखीतल्या एका मुलीला एकसष्ट टक्के मिळाले, तर तिची आई आठ दिवस स्थानकात सामायिकाला आली नाही. “लोक टक्के विचारतात हो ताई,” म्हणाली. त्या पोरीने वर्षभर आजारी वडिलांचे पथ्यपाणी सांभाळले, संध्याकाळी दुकानात बसली आणि रात्री अभ्यास केला. मी कॉमर्सवाली, मला हा हिशेब पटत नाही. वहीत जमेची बाजू लिहायची तर पूर्ण लिहावी, एकच रक्कम मांडून खाते बंद करू नये.

आपल्या धर्माचे नावच विजयाचे आहे. जिन म्हणजे जिंकणारा. कुणाला जिंकणारा? स्वतःच्या क्रोध, मान, माया, लोभाला. शेजारच्याला हरवून कुणी जिन होत नाही. आणि तीर्थंकर म्हणजे तीर्थ करणारे. तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थच नदीचा उतार, पैलतीरी जायची जागा. ते स्वतः तरतात आणि दुसऱ्यांनाही वाट दाखवतात. आपल्या पंचरंगी ध्वजातले पाच रंगही पंचपरमेष्ठींचे, म्हणजे ज्यांना आपण नमस्कार करतो त्यांचे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वादळातून जे जहाज सुखरूप बंदराला लागले, त्याच्यावर निशाण असो वा नसो, ते स्वागताला पात्र आहे. या वर्षी कुणाकडे निकालाचे पेढे खायला गेलात तर आधी टक्के विचारू नका. “बेटा, वर्ष कसे गेले?” एवढे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. जिथे पेढे वाटले नाहीत, त्या घरी तर आवर्जून जा.

जय जिनेंद्र!