दाखल्याआधी मदत द्या



‘मुलगा हुशार आहे हो, पण बूड टेकत नाही!’ शाळेतून हे वाक्य मी दोन वर्षं ऐकते आहे. फळ्यावरच्या पाच ओळी उतरवताना त्याची पेन्सिल दुसऱ्याच ओळीत थांबते. बाहेर मोटारसायकल वाजली की हा दारात. विहिरीवरची मोटार खोलली असेल तर मात्र तासभर हलत नाही, म्हणून घरचेही म्हणतात, सोंग आहे सगळं. डॉक्टरांनी सांगितलं, सोंग नव्हे, एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता. आवडीच्या कामात या मुलांचं लक्ष टिकतं. हे समजायला पौडहून पुण्याला तीन खेपा आणि कंपनीतले तीन खाडे पडले.

त्याच्या आत्ताच्या बाईंना मी बोल लावत नाही. साठ पटापर्यंत दोनच शिक्षक, असं शिक्षणहक्क कायद्यातच आहे. बाई पहिलीला शिकवत असताना याच्या दुसरीने ‘आपापलं’ लिहायचं असतं. नेमकं तेच याला जमत नाही.

मदत मागितली तर उत्तर येतं, दिव्यांगत्वाचा दाखला आणा. कुठून आणू? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत मात्र आहे! आरोग्य खात्याने शोधायचं आणि शिक्षण खात्याकडे रकानाच नाही. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, या प्रमाणाने पदं ठरवायला सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये राज्यांना सांगितलं. त्या दहांत आमचं पोर कोण धरणार?

उद्या प्रत्येक खोडकर पोराला आजार चिकटवतील, असं कुणी म्हणेल. पण तो पहिलीत असताना तेव्हाच्या बाईंनी जे केलं त्याला ना आजाराचं नाव लागलं ना दाखला. त्यांनी त्याला बस्करपट्टीवर आपल्याजवळ बसवलं, पाच ओळींऐवजी दोन-दोन दिल्या, मधेच वह्या वाटायला उठवलं. दिवाळीपर्यंत तो पाचही ओळी लिहू लागला. मग बाईंची बदली झाली. त्यांनी केलेलं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मागणी छोटी आहे. वर्णनात्मक नोंदीत ‘चंचल आहे, लक्ष देत नाही’ असं न लिहिता, काय केल्यावर मूल बसतं ते लिहा. ती नोंद पुढच्या शिक्षकांच्या हाती द्या. विशेष शिक्षक कोणत्या केंद्रात कोणत्या वारी भेटतील, ते गटशिक्षणाधिकाऱ्यांनी प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावं. जूनमध्ये माझा मुलगा तिसरीत जाईल आणि त्याचे शिक्षक पुन्हा बदलतील.

– एक आई, ता. मुळशी, जि. पुणे