शिळ्या कढीला ऊत नको

वर्तमानपत्राच्या शिरोभागी वार आणि तारीख छापलेली असते. कालच्या अंकात आज भजी बांधली जातात आणि त्यात वावगे काही नाही. शिळे वर्तमान शिळे म्हणून ओळखू यावे, हाच त्या छापील तारखेचा उपयोग. मोबाईलवरील समाजमाध्यमांनी ही सोय मोडीत काढली आहे. तेथे चार वर्षांपूर्वीची चित्रफीत आणि आज सकाळची घटना एकाच पंगतीला बसतात आणि मानाचा पाट पुष्कळदा शिळ्यालाच मिळतो. अन्यत्र ही बाब किरकोळ असेल. सीमाभागात ती तशी नाही. येथे जुन्या बातमीने बसगाडीची काच फुटू शकते आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरावर खटला दाखल होऊ शकतो. यास्तव एखाद्या विषयावरील सर्वांत ताजा मजकूर कसा शोधावा, या वरवर तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

२०२२ चा डिसेंबर महिना आठवावा. महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला येणार म्हणून प्रथम ३ डिसेंबर ही तारीख ठरली, मग ती ६ डिसेंबरवर गेली आणि त्या दिवशीही दौरा झाला नाही. ज्याच्या हाती पहिली बातमी होती तो एका दिवशी वाट पाहणार, ज्याच्या हाती दुसरी होती तो दुसऱ्या दिवशी. आणि खरे काय ते फक्त तिसरी बातमी वाचणाऱ्यासच ठाऊक. त्याच ६ डिसेंबरला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली, तर पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. पुढे १४ डिसेंबर रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसविले. बड्या नेत्यांच्या नावे काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही हे प्रकरण चिघळविले, असे त्यांनी बैठकीनंतर सांगितले. साठ वर्षांहून जुन्या प्रश्नात ट्विटरवरील चार ओळी तेल ओतू शकतात, हे त्या दिवशी सरकारी पातळीवरूनच मान्य झाले.

आता मुळाशी जाऊ. ट्विटर, ज्याला २०२३ पासून 'एक्स' म्हणतात, पूर्वी मजकूर वेळेच्या क्रमाने दाखवीत असे. नवे वर, जुने खाली. २०१६ पासून त्याने हा क्रम बदलला. फेसबुक त्याआधीच त्या वाटेने गेले होते. ज्या मजकुरावर लोकांनी अधिक पसंती नोंदविली, अधिक वाद घातला, जो अधिक पुढे पाठविला, तो वर येतो. भांडणाला गर्दी जमते हे बाजारात जितके खरे तितकेच तेथेही खरे. त्यामुळे शांतपणे दिलेला खुलासा खाली राहतो आणि दोन दिवसांपूर्वीचा भडक मजकूर माथ्यावर बसतो. 'सीमाप्रश्न' असा शब्द टाकून पहिल्या चार ओळी वाचणाऱ्याला ताजी बातमी मिळते असे नव्हे. त्याला गाजलेली बातमी मिळते. हा फरक ध्यानी घेतला म्हणजे अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे बोटाचे काम आहे. 'एक्स'वर शब्द शोधल्यावर प्रथम 'टॉप' हे सदर उघडते. त्याच्या शेजारच्या 'लेटेस्ट' या सदरावर बोट ठेवले की सर्वांत नवा मजकूर वर येतो. फेसबुकवर शोध घेतल्यानंतर 'पोस्ट्स'मध्ये जाऊन 'रिसेंट पोस्ट्स' निवडावे. यूट्यूबवर 'फिल्टर' उघडले की 'आज' किंवा 'या आठवड्यात' चढविलेल्या चित्रफिती तेवढ्या वेगळ्या काढता येतात. मजकुराखालच्या किंवा नावालगतच्या बारीक अक्षरांतील वेळेवर बोट टेकले तर पूर्ण तारीख दिसते. एकाने दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठविला असेल तर तेथे दोन तारखा असतात. वरची पाठविणाऱ्याची, आतली मूळ लिहिणाऱ्याची. विश्वास ठेवायचा तो आतल्या तारखेवर.

तथापि येथे एक खाचखळगा आहे. नवा मजकूर म्हणजे नवी घटना नव्हे. जुनी चित्रफीत कोणी आज पुन्हा चढविली तर माध्यम तिला आजचीच तारीख देते. येळ्ळूरच्या फलकाचे प्रकरण आणि त्यानंतरचा लाठीमार २०१४ च्या जुलैमधला. त्यातले एखादे दृश्य उद्या कोणी 'आत्ताच घडले' म्हणून चढविले तर 'लेटेस्ट'मध्येही तेच वर दिसेल. अशा वेळी डोळे उघडे ठेवावेत. माणसांच्या तोंडाला मास्क आहेत काय? असतील तर काळ बहुधा महामारीचा. सरकारी पाटीवर शहराचे नाव कसे लिहिले आहे? ते अधिकृतपणे बदलले १ नोव्हेंबर २०१४ रोजी. अंगावर इरले-छत्री आहे आणि बाहेर मात्र मे महिन्याचे ऊन तापते आहे, तर काहीतरी चुकते आहे. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्या गावी एक फोन. सीमाभागात असे गाव नाही की जेथे आपला पाहुणा-रावळा नाही.

व्हॉट्सअॅपची गोष्ट याहून कठीण. तेथे दिसणारी वेळ ही संदेश आपल्याला पाठविल्याची असते, तो मुळात लिहिल्याची नव्हे. संदेशावर दोन बाण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले' असा शेरा दिसला की तो किमान पाच हातांतून आला असे समजावे. पाच हातांत 'ध'चा 'मा' व्हायला वेळ लागत नाही. पेशवाईत तर एकच अक्षर पुरले.

मराठी वाचकाची आणखी एक अडचण आहे, आणि ती आमच्या भाषेची आहे. शोधयंत्र शब्द जसा लिहिला तसा शोधते. एकाच शहरासाठी कोणी 'बेळगाव' लिहितो, कोणी 'बेळगावी', कोणी रोमन लिपीत लिहितो आणि कोणी कन्नडमध्ये. 'सीमाप्रश्न' ऱ्हस्व-दीर्घाच्या गफलतीने 'सिमाप्रश्न' होतो. विभक्ती लागली की 'बेळगाव'चे 'बेळगावात' आणि 'बेळगावच्या' होते, आणि यंत्राला ते पुष्कळदा निराळे शब्द वाटतात. खानापूर म्हणावे तर एक बेळगाव जिल्ह्यात, दुसरे सांगलीत. म्हणून एकच शब्द टाकून थांबू नये. दोन-तीन रूपे टाकावीत, सोबत तालुक्याचे नाव द्यावे आणि कन्नड वाचता येत असेल तर कन्नडमध्येही शोधावे. कन्नड वाचल्याने कोणाची मराठी अस्मिता बुडत नाही. उलट प्रशासनाचा ताजा आदेश प्रथम त्याच भाषेत निघत असताना तो न वाचणे हे आपलेच नुकसान.

आणि खरी मेख येथेच आहे. तणावाच्या दिवशी बससेवा बंद की चालू, जमावबंदी कोठे, शाळेला सुट्टी आहे की नाही, याची ताजी व खरी माहिती प्रशासनाच्या खात्यावर येते ती बहुतेक कन्नडमध्ये, फार तर इंग्रजीत. मराठीत फिरते ती अफवा. पोकळी राहिली की तेथे काहीतरी शिरतेच. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात मान्य झालेल्या संरक्षणांत असे स्पष्ट म्हटले आहे की, जिल्ह्यात वा तालुक्यात ज्या भाषकांची संख्या १५ टक्के आहे त्यांच्या भाषेत महत्त्वाचे नियम व सूचना भाषांतरित करून प्रसिद्ध कराव्यात. यावर देखरेखीसाठी राज्यघटनेच्या ३५० 'ब' कलमान्वये स्वतंत्र आयुक्तही आहेत. कागदावरील परिपत्रकाला जो न्याय, तोच मोबाईलवरील सूचनेलाही हवा. जिल्हा प्रशासनाने आपली तातडीची निवेदने मराठीतही त्याच घटकेला द्यावीत, अशी आमची मागणी आहे. यात कन्नडवर कुरघोडी नाही. दंगल टाळण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

सरकारकडे बोट दाखविताना आपल्या घराकडेही पाहणे प्राप्त आहे. आपले नेते, मंडळे, युवक संघटना आवाहने करतात आणि त्यावर पुष्कळदा ना तारीख असते ना वर्ष. 'उद्या सकाळी दहा वाजता चलो' असा संदेश वर्षभर फिरत राहिला तर दोष फिरविणाऱ्याचा तितकाच लिहिणाऱ्याचाही. दर आवाहनावर दिवस, महिना, वर्ष आणि गावाचे पूर्ण नाव देवनागरीत लिहावे. कार्यक्रम रद्द झाला तर तेही तितक्याच ठळकपणे कळवावे. महाराष्ट्र शासनानेही ८६५ गावांसाठीच्या योजना, सवलती आणि अर्जाच्या मुदती यांचा ताजा तपशील एका जागी तारखेसह ठेवावा. मुदत संपल्यावर हाती पडलेली सवलत ही सवलत नव्हे.

१९५६ पासून सीमाभागाने संयमाने लढा चालविला आहे आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयाच्या दारी आहे. इतक्या दीर्घ लढ्यात जुन्या जखमांची आठवण असावी, पण जुन्या जखमेला आजची म्हणून कोणी मीठ चोळू लागला तर त्याचा हात धरता आला पाहिजे. गावोगावच्या मुलांनी आपल्या आई-वडिलांना 'टॉप' आणि 'लेटेस्ट' यांतला फरक एकदा दाखवून द्यावा. संदेश पुढे पाठविण्यापूर्वी तारीख पाहावी; तारीख नसेल तर पाठवू नये. एवढी शिस्त पाळली तर पुढच्या वेळी भडका उडविणाऱ्यांना आमच्या गावांतून सरपण मिळणार नाही.