जलाश्वची जागा घेताना

भिलाईच्या प्लेट मिलमध्ये लालबुंद स्लॅब रोलरवर येते. पाण्याच्या माऱ्याने तिच्या अंगावरची खपली उडते, वाफेचा लोट उठतो आणि पुढेमागे दाबत दाबत तिची रुंद प्लेट होते. विमानवाहू विक्रांतला लागलेल्या सुमारे 30 हजार टन खास पोलादात बोकारो आणि राउरकेलाबरोबर भिलाईचाही हात आहे. त्यामुळे चार मोठी उभयचर जहाजं देशातच बांधायच्या योजनेची चर्चा इथल्या कॉलन्यांत आपुलकीने होते.

पण कारखान्याला काम मिळेल म्हणून जहाजं बांधा, हा युक्तिवाद मला पटत नाही. भिलाईची क्षमता वर्षाला 70 लाख टनांच्या आसपास. त्यापुढे युद्धनौकांचं पोलाद म्हणजे दर्या में खसखस. जहाज हवं की नको, हे समुद्राकडे बघूनच ठरवायला हवं.

नौदलाकडे असं मोठं जहाज एकच आहे, जलाश्व. अमेरिकेने 1971 मध्ये ट्रेंटन या नावाने सेवेत घेतलेलं, आपण 2007 मध्ये विकत घेतलेलं. मागच्या बाजूच्या गोदीत पाणी घेऊन ते शेपटाकडून खाली बसतं, दरवाजा उघडतो आणि आतल्या होड्या तरंगत बाहेर पडतात. बंदराचा धक्का असावा लागत नाही. 2004 च्या त्सुनामीत अंदमान-निकोबारमधले धक्के मोडले होते, हे आठवलं की त्या गोदीची किंमत कळते. मे 2020 मध्ये याच जहाजाने मालेहून 698 भारतीयांना कोचीला आणलं.

विरोधकांचं म्हणणंही वजनदार आहे. युक्रेन युद्धात, मार्च 2022 मध्ये, बेर्दियान्स्क बंदरात रशियाचं साराटोव्ह हे उतरणनौका जातीचं जहाज धक्क्याला बांधलेलं असतानाच हल्ल्यात जळालं. किनाऱ्याजवळ जाणारं मोठं जहाज क्षेपणास्त्राला सोपं सावज. त्याच पैशांत पाणबुड्या, ड्रोन, छोट्या उतरणनौका घ्याव्यात, असं ते म्हणतात. क्षेपणास्त्रांच्या छायेत शत्रूच्या किनाऱ्यावर फौज उतरवणं आता फार अवघड आहे, हे मीही मान्य करतो.

तरीही आपल्या बेटांची राखण, आपत्तीतली मदत आणि परदेशातून माणसं परत आणणं ही कामं छोट्या नौकांना झेपणारी नाहीत. माझ्या मते चारांचा हट्ट सोडून आधी दोन बांधावीत, तीही आपल्याच पोलादाची. पुढच्या दोनांचा निर्णय ही दोन समुद्रात वापरून बघितल्यावर घ्यावा. खरं नुकसान टोलवाटोलवीने झालं आहे. या चार जहाजांची 2013 ची निविदा 2020 मध्ये रद्द झाली, 2021 मध्ये पुन्हा विचारणा सुरू झाली. आज ऑर्डर दिली तरी पहिलं जहाज नौदलाच्या हाती येईपर्यंत जलाश्व साठीच्या घरात असेल. नौसैनिकांना इतक्या जुन्या जहाजावर पाठवत राहणं मला बरोबर वाटत नाही.